महालक्ष्मीखालचं डांबर

आमच्या घरात रस्ता आहे. घरासमोर आहे तो वेगळा, त्याला खड्डे आहेत. मी घरातल्या रस्त्याबद्दल बोलतोय.

झालं असं, की मोताळ्याला बाबांनी हे घर बांधलं तेव्हा ते एका ठेकेदाराकडे रस्त्याच्या कामावर मुकादम होते. बैठकीच्या खोलीत पावसाळाभर भुईतून ओल वर यायची. ठेकेदार म्हणाला, "मुकादम, उरलेलं डांबर पडून आहे, घेऊन जा. ओलीचा बापही वर येणार नाही." बाबांनी ते बैठकीत ओतलं, दाबलं, घोटलं. ओल थांबली आणि आमचं नाव गावात डांबरवाले पडलं. माझ्या लग्नाची बोलणी करायला सुलभाच्या माहेरची मंडळी आली, तेव्हा त्यांनी बैठकीत येऊनही चपला काढल्या नाहीत. त्यांना वाटलं, घर अजून पुढे आहे.

तर त्या काळ्या कुळकुळीत भुईवर आमचा संसार सुरळीत चालला होता. आणि मग देऊळगाव राजाहून जनकावहिनींचा फोन आला.

जनकावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, अविनाशदादाची बायको. आमच्या घराण्याच्या महालक्ष्म्या, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, लग्न झाल्यापासून त्यांच्याकडे. आम्ही दर वर्षी भादव्यात देऊळगावला जायचं. मी पंगतीत बसायचं आणि सुलभानं सोळा भाज्या चिरायच्या. पूजा वहिनी करणार, मुखवटे वहिनी चढवणार, साड्या वहिनी नेसवणार. सुलभा दारातून बघायची आणि परतीच्या एसटीत माझ्याशी बोलायची नाही. (मी काय केलं असेल, हे मला कधीच कळलं नाही.)

"सुलभा, यंदा तुझ्याकडे बसवू," वहिनी फोनवर म्हणाल्या. वहिनींच्या बोलण्यात जालन्याची हवा आहे, आमच्यासारखं मले-तुले नाही. "माझे गुडघे गेले आता. पण नीट ऐक. आपल्या महालक्ष्म्या भुईवर उभ्या राहतात. खाली पाट नाही, चौरंग नाही, सतरंजी नाही. अन् भुई अखंड पाहिजे. फुटक्या भुईवर मी त्यांना उभं करणार नाही. तशाच उचलून देऊळगावला परत आणीन."

फोन ठेवला आणि सुलभा माझ्यासमोर घळाघळा रडली. "एकदा तरी माह्या घरी, माह्या हातानं करायचं होतं हो मले," ती म्हणाली. "तुम्हाले नाही समजायचं."

मला समजलं होतं. म्हणूनच मी उत्साहानं उठलो आणि म्हणालो, "जागा करतो. हे लोखंडी कपाट इथून हलवतो."

"थांबा, चार माणसं बोलवू."

"चार माणसं कशाले? मी काय मेलो का?"

महालक्ष्म्यांची पावलं उंबऱ्यापासून सरळ काढतात. त्यामुळे त्यांना बसवायला दारासमोरचा तो एकच कोपरा होता. तिथं कपाट बाबांच्या काळापासून उभं होतं आणि त्याचे पाय डांबरात रुतले होते. मी खांदा लावला. कपाट हललं नाही. मी पाय भिंतीला टेकवून जोर केला. कपाट हललं, आणि त्याच्या पायाबरोबर परातीएवढी भुई उचलून आली. भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी अलगद. खाली मुरूम दिसत होता.

सुलभानं खड्ड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"भुई अखंड पाह्यजे," एवढंच ती म्हणाली. तिचा आवाज असा लागला, की मला वाटलं ओरडली असती तर बरं.

"दोन दिवसांत पहिल्यासारखी करून देतो. शब्द दिला," मी म्हणालो. (मी शब्द दिला, की आमची लेक ओवी डोळे मिटून घेते. अकरावीत आहे, पण अनुभव दांडगा आहे.)

पहिल्यांदा मी सिमेंट भरलं. ते सकाळी बिस्किटासारखं अख्खं हातात आलं. डांबराला डांबरच पाहिजे, हे मला त्यावरून कळलं. मग ओवीनं मोबाइलवर एक व्हिडिओ लावून दिला. त्यात एक गोरा माणूस अशीच भुई दुरुस्त करत होता. हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि त्याचा खड्डासुद्धा आमच्या ओट्यापेक्षा स्वच्छ. तो काय बोलत होता ते त्यालाच माहीत. ओवी म्हणाली, "बाबा, तो म्हणते, डांबर तापवा, त्यात खडीची बारीक चुरी टाका, गरम असताना भरा अन् दाबा."

"एवढंच?"

"एवढंच."

एवढंच केलं असतं, तर ही गोष्ट इथं संपली असती. पण माझ्या स्वभावात एक खोट आहे. मला कोणाचा सल्ला मोडवत नाही. ऑफिसातही दोन साहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या, की मी दोन्ही टिपणं लिहून ठेवतो.

हार्डवेअरवाला हरिओम म्हणाला, "साहेब, निस्तं डांबर फुटते. थोडं डिझेल टाका, मस्त मऊ राह्यते." मला वाटलं, बरोबर आहे, जुनी भुई कडक होती म्हणूनच फुटली. शेजारच्या मंजुळाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "रमाकांतभाऊ, त्याच्यात चुना टाकजा, मुंग्या होत नाही." मला वाटलं, देवीसमोर गुळखोबरं असणार, मुंग्या येणारच. ऑफिसातला एक जण म्हणाला, "एरंडेल. डोळे झाकून एरंडेल." कशासाठी, ते त्यानं सांगितलं नाही. पण तो इतक्या खात्रीनं म्हणाला, की मला विचारायची लाज वाटली.

मी सगळंच टाकलं.

परसात तीन दगडांवर घमेलं ठेवून डांबर तापवलं. चूल विझवल्यावर डिझेल घातलं (एवढी अक्कल मला आहे). मग चुना, मग एरंडेल. काळं, चकाकतं, फार देखणं मिश्रण झालं. चुरी टाकायची राहिली. ती आणायला गेलो असताना लक्षात आलं, की मिश्रण निवतंय. मग हातात आली तेवढी मूठभर टाकली आणि पळत नेऊन ओतलं. दाबायला रोलर पाहिजे. बाबांच्या घरात रोलर नसावा, हे मनाला लागलं. मी गॅसचं रिकामं सिलेंडर आडवं करून त्याला गोणपाट गुंडाळलं आणि खोलीत पुढे-मागे लोटत बसलो.

"काय करून राह्यले तुम्ही?" सुलभा दारात.

"रोडरोलर."

ती काही न बोलता आत गेली. आमच्या संसारात हे शांततेचं लक्षण धरलं जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुई सपाट होती. काळ्यात काळं मिसळून गेलं होतं. मी अंगठ्यानं दाबून पाहिलं. अंगठ्याचा ठसा उमटला. थोड्या वेळानं ठसा आपोआप गेला. मी फार खूश झालो. हरिओम म्हणाला होता तशीच मऊ भुई. वरून चुरीचा बारीक भुगा भुरभुरला आणि सुलभानं तो अख्खा कोपरा शेणानं सारवून घेतला. डिझेलचा वासही त्याखाली गेला.

आवाहनाच्या दिवशी दुपारी वहिनी आणि दादा टेम्पो करून आले. टेम्पोत मुखवटे, साड्यांची पेटी आणि पत्र्याच्या दोन उंच कोठ्या. या कोठ्या म्हणजेच महालक्ष्म्यांचं अंग. त्यांत गहू भरायचे, वर मुखवटा ठेवायचा आणि भोवती साडी नेसवायची. वहिनी चहालाही थांबल्या नाहीत. सरळ कोपऱ्यात गेल्या आणि टाचेनं भुई ठोकली. इकडे ठोकली, तिकडे ठोकली. सुलभानं माझा हात घट्ट धरला. (लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी.)

"अखंड आहे," वहिनी म्हणाल्या. आवाजात जरा निराशा होती, असं मला वाटलं.

सुलभानं स्वतःच्या हातानं पावलं काढली, स्वतःच्या हातानं कोठ्यांत गहू भरले, साड्या नेसवल्या. कनिष्ठा जुन्या डांबरावर उभी राहिली आणि ज्येष्ठा माझ्या डांबरावर. सुलभा इतकी सुंदर दिसत होती, की मी दोनदा कोणाकडे पाहून हात जोडले, माझं मलाच कळलं नाही.

दुसरा दिवस जेवणाचा. पुरणपोळ्या, आंबील, कढी, सोळा भाज्या. महालक्ष्म्यांपुढे ताटं वाढली, दोन्ही बाजूंना समया लावल्या. ओवीनं कोपऱ्यात दोन मोठे फोकस लावले होते, त्यांची धग दारापर्यंत येत होती. मग रीतीप्रमाणे सगळे बाहेर आलो आणि दार लोटून घेतलं. त्या वेळी महालक्ष्म्या जेवतात. कोणी आत जायचं नाही, डोकावायचं नाही, बोलायचं नाही.

आम्ही ओसरीत गप्प बसलो. आळीतल्या बायका जमल्या होत्या. आणि आतून आवाज आला. मऊ चिखलात पाय रुतावा तसा, हळू, ओला आवाज.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

मग सुलभानं दार उघडलं, आणि मंजुळाबाई किंचाळल्या, "माय वो! जेवून राह्यली! जेवून राह्यली वो माय!"

ज्येष्ठा अख्खीच पुढे झुकली होती. मुखवटा ताटावर आला होता आणि नथ आंबिलीच्या वाटीत बुडाली होती. कनिष्ठा शेजारी ताठ उभी. अगदी असं वाटत होतं, की थोरलीला भूक लागली आणि धाकटी म्हणतेय, अगं, लोक बघतात.

बायकांनी तिथंच लोटांगणं घातली. सुलभाच्या डोळ्यांना धार लागली. ती मला म्हणाली, "माह्या हातचं जेवली हो ती. माह्या हातचं." आता या बाईला मी काय सांगणार? की तुझ्या हातचं नाही, माझ्या हातचं रुतलंय? खरं सांगू, माझाही गोंधळ उडाला होता. डांबर म्हणावं, तर ते नेमकं ताट वाढल्यावरच का बसलं? आणि देवी म्हणावी, तर डिझेलचा वास का येतो? मी दोन्हींना नमस्कार केला.

संध्याकाळपर्यंत अर्धा मोताळा दारात. रोहिणखेडहून दोन जीपा आल्या. ज्येष्ठेला सरळ करावं का, असं दादानं विचारलं, तर मंजुळाबाई त्याच्या अंगावर धावून गेल्या. "जेवत्या बाईले उठवता का जी?" ज्येष्ठा झुकलेलीच राहिली. फोकस चालूच राहिले. वहिनी एका कोपऱ्यात सुपारी कातरत बसल्या होत्या. त्यांच्याकडे इतकी वर्षं ज्येष्ठा खांबासारखी ताठ उभी होती. कधी मानसुद्धा तुकवली नव्हती. त्यांचं तोंड बघवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी विसर्जन. यात विशेष काही नसतं. आरती झाली, की अक्षता टाकून महालक्ष्म्या जागच्या जागी थोड्या हलवायच्या, की झालं. गर्दी कालच्यापेक्षा जास्त होती. सुलभानं अक्षता टाकल्या. कनिष्ठेला हात लावला, ती हलली. ज्येष्ठेला हात लावला. ती हलली नाही. सुलभानं दोन्ही हात लावले. नाही.

"बाजूला हो," म्हणत वहिनी पुढे आल्या. पदर खोचला. हूं नाही की चूं नाही. मग दादा आला. दादा तालमीतला. त्याची कानशिलं लाल झाली, पण कोठी तसूभर सरकली नाही. रात्री फोकस बंद झाल्यावर डांबर निवून घट्ट झालं होतं आणि कोठीचा काठ त्यात जखडला होता. ही गोष्ट त्या खोलीत फक्त मला माहीत होती, आणि मी दारामागे होतो.

"कोप झाला," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर दोन दिवसांत पहिल्यांदा तेज आलं. "जायला तयार नाही, म्हणजे काहीतरी चुकलं या घरात. मला पहिल्यापासून वाटत होतं. असं व्हायला लागलं तर पुढच्या वर्षी देऊळगावलाच बसवाव्या लागतील, बाई. मी काय करू?"

सुलभाचा चेहरा पांढराफटक पडला. कालपासून फुललेलं ते माणूस बघता बघता विझलं. "काय चुकलं माह्यं?" ती म्हणाली. "कायी नाही चुकलं हो जाऊबाई. मी सगळं सोवळ्यात केलं."

मग मात्र मला राहवलं नाही. माझ्या बायकोला कोणी असं रडवावं, आणि तेही माझ्या डांबरावरून? मी गर्दीतून पुढे घुसलो.

"वहिनी, तिचं कायी चुकलं नाही! ते डांबर आहे. इथं खड्डा पडला होता, मी भरला. त्यात डिझेल जास्त झालं. ती आधी रुतली अन् आता चिकटली. मी चिकटवली तिला!"

मग कोणीतरी फिसकन हसलं. ती सुलभा होती.

"यांनी चिकटवली!" ती डोळे पुसत म्हणाली. "जाऊबाई, यांनी न्हाणीतला आरसा चिकटवला, तो त्याच दिवशी खाली आला. माह्या चपलेचा अंगठा चिकटवला, मी बाजारातून एका पायानं आली. दारावरची पाटी चिकटवली, ती पोस्टमनच्या डोक्यात पडली. यांनी चिकटवलेलं अन् तीन माणसांनी हलत नाही?"

"बाबा, प्लीज," ओवी म्हणाली. "लोक आहेत."

दादा माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "रमाकांत, दोन दिवसांची दगदग झाली तुला. पाणी पी."

आता सांगा, माणसानं काय करावं? आयुष्यात माझ्या हातून पहिल्यांदाच एक काम पक्कं झालं होतं आणि ते माझं आहे, हे कोणी कबूल करेना. मला राग आला. "माझंच काम आहे ते!" मी ओरडलो. "शपथेवर सांगतो! माझ्याइतकं पक्कं काम कोणी करून दाखवावं!"

"अरे देवा," वहिनी म्हणाल्या. "देवीच्या करणीचं श्रेय घ्यायला निघाले हे भाऊजी!" आणि त्यांचाही नाइलाज झाला, कारण त्याही हसायला लागल्या. वहिनींना मी पहिल्यांदाच मनापासून हसताना पाहिलं.

तेवढ्यात मंजुळाबाईंनी बाजी मारली. "कोप कशाचा वो माय? कोप असता तं पडली असती. हे तं पाय रोवून उभी हाय. तिले इथंच राह्याचं हाय, दुसरं काय!"

"हाव, हाव!" सगळी खोली म्हणाली.

वहिनींनी सुलभाकडे पाहिलं. मग पदरानं डोळे टिपले. "जेवली तुझ्याकडे, हटून बसली तुझ्याकडे. आता मी कोण नेणारी? ठेव, सुलभा. दर वर्षी तूच कर. मी येत जाईन भाज्या चिरायला." दोघी जावा एकमेकींच्या गळ्यात पडल्या, बायका रडल्या, दादा रडला. मुखवटे तेवढे उतरवून विसर्जन झालं, आणि कोठी जिथं होती तिथंच राहिली.

"अन् भाऊजी, तुम्ही," वहिनी वळून म्हणाल्या, "देवीपुढे नाक घासा. खोटं बोललात."

मी खरं बोललो होतो. पण सगळी खोली बघत होती आणि मला कोणाचा शब्द मोडवत नाही. मी वाकलो आणि कोठीच्या पायाशी नाक घासलं. नाक वर घेताना थोडी ओढाताण झाली.

सगळे गेल्यावर सुलभानं मला आत पलंगावर बसवलं. माझं नाक शेंड्यापासून मधल्या हाडापर्यंत काळं झालं होतं. ती खोबरेल तेलाचा बोळा घेऊन ते घासायला लागली. तेलानं डांबर सुटायला लागलं, तसा खोलीत डिझेलचा वास पसरला. तिचा हात थांबला. तिनं बोळा नाकाजवळ नेला. मग बाहेरच्या कोठीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"खरंच तुम्ही होय का हो?" ती अगदी हळू म्हणाली.

"मग काय सांगून राह्यलो मी कवाचा?" मी म्हणालो. कोणीतरी एकानं तरी मानलं होतं.

तिनं नवा बोळा घेतला, तेलात बुडवला, आणि माझं नाक मायेनं पुसत राहिली.

"पुढच्या वर्षी कनिष्ठेखालीही असंच डांबर टाकून घेऊ," ती म्हणाली. "दोघी राह्यल्या पाह्यजे. पण तुम्ही हात लावू नका हां. एखादा चांगला माणूस पाहू."